डेंजर सर

आमच्या शाळेत पहिलीच्या मुलांना येणारा पहिला इंग्रजी शब्द 'डेंजर' होता. ॲपल, बॉल, कॅट ही मंडळी नंतर, वेळ उरलाच तर. त्यामुळे गावाने पहिलीच्या सरांना 'डेंजर सर' करून टाकलं, आणि पुढे पुढे आमच्या मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाईसुद्धा, त्यांना हाक मारताना क्षणभर अडखळायच्या. माणूस दिसायला अगदीच बिनधोक. किडकिडीत, पांढरा इस्त्रीचा शर्ट, बाह्या कोपरावर घट्ट दुमडलेल्या. हातात घड्याळ नाही, बोटात अंगठी नाही, गळ्यात साधा दोरासुद्धा नाही. डब्यात बारा महिने चपाती आणि शेंगदाण्याची चटणी.

शाळा चाकणच्या अलीकडे, कंपन्यांच्या गराड्यात उरलेल्या एका गावात. एका बाजूला पत्र्याची शेड, दुसऱ्या बाजूला गोदाम आणि मध्ये आमच्या झेडपीच्या चार खोल्या. मी मोशीहून स्कूटीवर जायची. पहिलीत तीसेक मुलं, निम्मी गावातली आणि निम्मी नांदेड, परभणी, लातूरकडून कामाला आलेल्यांची. घरात इंग्रजीचं अक्षर नाही, पण उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की जिकडेतिकडे इंग्रजी पाट्या. पहिलीपासून इंग्रजी विषय आहेच, त्याचं रंगीत चित्रांचं पुस्तकही येतं. सर ते जूनमध्ये कपाटात ठेवायचे आणि केंद्रप्रमुख तपासणीला येणार असले की बाहेर काढायचे.

त्यांची शिकवायची पद्धत अशी, की शब्दाचा अर्थ मराठीत सांगायचा नाही. 'डेंजर' म्हटलं की सगळ्या वर्गाने दोन पावलं मागे. 'हॉट' म्हटलं की हात पाठीशी. 'स्टॉप' म्हटलं की असाल तिथे, असाल तसे थांबायचं, मग एक पाय हवेत असला तरी. 'पुश', 'पुल', 'ऑन', 'ऑफ', सगळं असंच. "अर्थ डोक्यात राहिला तर उपयोग नाही मॅडम, तो अंगात मुरला पाहिजे," असं ते मला सांगायचे. एकदा मी वर्गाच्या दारात उभी राहून, "सर, तुमच्या डेंजरचा आवाज ऑफिसपर्यंत येतो," असं गमतीने म्हटलं, तर तीस मुलं धाडकन मागे सरकली आणि शेवटच्या रांगेतल्या एकाचं डोकं भिंतीवर आपटलं. सर त्याच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाले, "शाबास." मला तेव्हा त्यांचा खरंच राग आला होता. सहा वर्षांच्या मुलांची ही कसली कवायत, असं मी मोठ्या बाईंना जाऊन सांगितलंही.

सरांच्या डाव्या हाताला दोन बोटं नव्हती, अंगठ्याशेजारचं आणि मधलं. ती त्यांनी कधी लपवली नाहीत. उलट आकडे शिकवताना तो हात मुलांपुढे धरायचे. वन, टू, थ्री करत एटपर्यंत सरांच्या दोन्ही हातांवर मोजायचं आणि नाइन, टेनसाठी एखाद्या मुलाला पुढे बोलावून त्याची दोन बोटं उसनी घ्यायची. रोज वेगळा मुलगा किंवा मुलगी. ज्याचा नंबर लागेल तो दिवसभर ताठ मानेने फिरायचा. मुलांना त्यात काही वावगं वाटत नसे. मला मात्र ते बघवायचं नाही आणि त्या तासाला मी वऱ्हांड्यात जाणं टाळायची.

विक्षिप्तपणाचे आणखी किती मासले सांगू. शाळेत मिक्सर आला, पोषण आहाराच्या मावशींसाठी, तर हे तिथे पहिले तीन दिवस उभे. "मावशी, पदर खोचा. बांगड्या वर सरकवा. आधी पिन काढा, मग झाकण." मावशी वैतागून म्हणाल्या, "सर, तुमीच वाटा चटणी." संध्याकाळी मी स्कूटी सुरू करायच्या आत माझ्या ओढणीला गाठ मारली आहे की नाही हे ते फाटकाशी येऊन बघायचे. मी कधी विसरले तर नुसतं बोट दाखवायचे. नव्या शिक्षकांना वाटायचं माणूस जरा सरकलेला आहे. मीही ते मत खोडून काढायच्या भानगडीत पडले नाही.

बोटांची गोष्ट त्यांनी एकदाच सांगितली, तीही मी विचारलं नसताना. आम्ही उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधत बसलो होतो. "बारावीत नापास झालो आणि भोसरीला एका शेडमध्ये पत्रा दाबायच्या मशीनवर लागलो," ते म्हणाले. "मशीनवर अगदी डोळ्यांसमोर एक पितळी पट्टी होती. इंग्रजीत एक ओळ. दीड वर्ष रोज बघत होतो. मला वाटायचं मशीन बनवणाऱ्या कंपनीचं नाव असेल. तिला मी दसऱ्याला हळदकुंकूसुद्धा लावलं. बोटं गेल्यावर दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्या एका फिटरने सांगितलं, की अरे, त्यावर लिहिलेलं असतं, जाळी उघडी असताना मशीन चालवू नका." एवढं सांगून त्यांनी सुतळीची गाठ आवळली आणि पुढचा गठ्ठा घेतला. मग परत बारावीला बसले, डीएड केलं, मास्तर झाले. त्या दिवसानंतर मी वऱ्हांड्यात जायची टाळाटाळ बंद केली, पण पद्धत मला पटली असं काही म्हणणार नाही.

दर शनिवारी ते मुलांची रांग करून कंपन्यांच्या रस्त्याने न्यायचे. हा त्यांचा वाचनाचा तास. फाटकाफाटकावर थांबायचं, पाटी वाचायची, पाटी सांगेल ते करून दाखवायचं आणि पुढे जायचं. 'नो एंट्री' दिसलं की रांग जागच्या जागी उभी. 'गो स्लो' दिसलं की रांग मुंगीच्या चालीने. एक वॉचमन मला म्हणाला होता, "मॅडम, हमारे यहाँ के वर्कर लोग इतना नहीं मानते।" मुलांना या फेरीचं भारी अप्रूप. सहलीला जायला मिळत नव्हतं त्यांना, हीच त्यांची सहल.

या सगळ्या खटाटोपातून काही निघतं असा पुरावा सरांकडे एकच होता, आणि तो पुरावा म्हणजे रेणुका. नांदेडकडची पोरगी, वडील एका कंपनीत ठेकेदाराकडे, आई घरकामाला. बारीक, सावळी, केसांना खोबरेल चोपडलेलं. शाळेच्या मागे नवीन संडास बांधत होते तेव्हा कामगारांनी विजेच्या पेटीचं दार उघडं टाकून दिलं. मधल्या सुट्टीत मुलं तिकडे पळाली. आम्ही पोचलो तेव्हा ही सहा वर्षांची मुलगी पेटीसमोर दोन्ही हात पसरून उभी होती आणि चौथीच्या दांडग्या मुलांनाही पुढे येऊ देत नव्हती. दारावरची कवटीखालची पाटी तिने वाचली होती. घसा बसेपर्यंत ती एकच शब्द ओरडत होती.

सरांनी तिला उचलून घेतलं. त्यांना मी मुलाला उचलताना तेव्हाच पाहिलं. पुढे जो येईल त्याला, केंद्रप्रमुखांना, पोलिओच्या ताईंना, गॅसच्या गाडीवाल्याला ते ही हकिगत सांगत. रेणुका समोर असली तर ती लाजून बाकाखाली जायची. तिचे वडील मात्र सुट्टीच्या दिवशी मुद्दाम शाळेत येऊन म्हणाले, "सर, माझं लेकरू आता कुठं बी गेलं तरी त्याला भ्याव न्हाई. वाचता यायलंय तिला." सरांना याहून मोठं प्रशस्तिपत्र नको होतं.

बाकीचे पालक एवढे खूश नव्हते. शाळेच्या समितीचे अध्यक्ष गावातले, त्यांच्या शेतात आता गोदामं उभी होती आणि मोठ्या मुलाची पोरं थेरगावच्या इंग्रजी शाळेत जात होती. धाकट्याचा मुलगा आमच्याकडे. ते बैठकीत उठले आणि म्हणाले, "सर, तिकडच्या नातवाला धा कविता येत्यात इंग्रजीच्या, हातवारे करून. ह्याला पाव्हण्यांफुडं उभा केला तर म्हनतो, हाय व्होल्टेज. आमी काय त्वांड दाखवायचं? इंग्रजी शिकवायची तर नीट शिकवा, न्हाईतर आमी पोरगं काढून घेतो."

"सफरचंदाने बोट तुटत नाही," सर म्हणाले.

"आमच्या पोरान्ला काय मशीनवर घालायचंय व्हय? तुमी आत्तापास्नंच त्याला कामगार करून ठिवला."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मोठ्या बाईंनीही पाहिलं. मला त्या वेळी म्हणता आलं असतं, की अध्यक्षसाहेब, तुमचा नातू नसेल जाणार मशीनवर, पण वर्गातली बाकीची निम्मी जाणार आहेत. ते मला माहीत होतं, खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं. मी टेबलावरच्या चहाच्या कपाकडे बघत बसले. शेवटी तोडगा असा निघाला, की शुक्रवारी दुपारी मी पहिलीला इंग्रजी कविता शिकवायच्या आणि बाकीचे दिवस सरांचे. अध्यक्षांचा नातू स्नेहसंमेलनात ताऱ्यावरची कविता म्हणाला आणि प्रकरण मिटलं.

मध्ये बरीच वर्षं गेली, बदल्या झाल्या. सर तीन वर्षं दुसरीकडे काढून परत आमच्याकडेच आले, आणि आल्या आल्या पहिलीचाच वर्ग मागून घेतला. केस पांढरे झाले होते, चटणी तीच होती.

गेल्या वर्षी, दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या आठवड्यात, रेणुकाचे वडील शाळेच्या फाटकात येऊन उभे राहिले. आत येईनात. मी बाहेर गेले तर म्हणाले, "बाई, सरांना सांगा, रेणुकाचा हात गेला." बारावी झाल्यावर पोरगी वर्षभर एका शेडमध्ये पत्रा दाबायच्या प्रेसवर होती, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. सरांना सांगायला तिला लाज वाटत होती म्हणे. नर्सिंगला जाणार असं तिने त्यांना सांगून ठेवलं होतं.

सरांना मागे बसवून मी चिंचवडकडच्या दवाखान्यात गेले. रेणुका खाटेवर उशीला टेकून बसली होती, उजव्या हाताला कोपरापर्यंत बँडेज. चार बोटं गेली होती, अंगठा राहिला होता. सरांना पाहून ती उठायला लागली. आपले सर आले की उभं राहायचं, तेवढं तिच्या अंगात अजून होतं. मी तिला खांद्याला धरून खाली बसवलं.

सरांनी स्टूल ओढलं. कशी आहेस, दुखतंय का, काही नाही. पहिला प्रश्न हा.

"पाटी होती का?"

"होती सर."

"इंग्रजीत?"

"इंग्रजीत, हिंदीत, मराठीत. खाली चित्र पण होतं. हात आणि वर लाल फुली."

"मग तू वाचली नाहीस?"

तिचे वडील मध्ये पडले. "सर, ऱ्हाऊ द्या आता."

"वाचली होती सर," रेणुका म्हणाली. "पहिल्या दिवशीच वाचली. शेजारच्या बायकांना पण मीच वाचून दाखवली. हात आत आला की मशीन आपोआप थांबायला एक सेन्सर असतो, त्याच्याशिवाय चालवायचं नाही, असं लिहिलंय."

"मग?"

"सेन्सर बंद करून ठेवतात सर. मशीन मध्ये मध्ये थांबलं की माल कमी निघतो. त्या दिवशी सुपरवायझर म्हणाले, माल न्यायला गाडी लागलीय, चालव पटापट."

"तू काय म्हणालीस?"

तिला प्रश्नच कळला नाही. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग वडिलांकडे.

"काय म्हणणार सर," ती म्हणाली. "मी 'हो सर' म्हणाले. त्यांना पण आम्ही सरच म्हणतो."

दवाखान्याच्या जिन्यात सर एका पायरीवर बसले आणि उठेचनात. माणसं त्यांना ओलांडून जात होती. मी पाणी आणून दिलं, ते हातात धरून बसले. मला त्या क्षणी त्यांची नुसती कीव आली नाही, भीतीही वाटली. पंधरा वर्षं एका गोष्टीवर उभा असलेला माणूस, तीच गोष्ट त्या मुलीने इतक्या साधेपणाने काढून घेतली होती.

"मॅडम," ते म्हणाले, "तिला पाटी वाचता येत होती. अर्थ कळत होता. मग माझ्याकडून कमी काय पडलं?"

"तिला 'नाही' म्हणता आलं नाही, सर," मी म्हटलं. "आपल्याला तरी कुठे येतं?"

मी हे बोलले ते माझ्याविषयी होतं, अध्यक्षांपुढच्या त्या बैठकीविषयी. पण त्यांनी ते वेगळ्याच तऱ्हेने उचललं. म्हणाले, "म्हणजे तो पाठ घ्यायचा राहिला." मास्तर माणूस. जगात काहीही बिघडलं तरी कुठला तरी पाठ घ्यायचा राहिला म्हणूनच बिघडलं, यावर त्यांची श्रद्धा.

चार दिवस ते रजेवर होते. परत आले ते थेट वर्गात गेले आणि भिंतीवरचे पाट्यांचे तक्ते काढून गुंडाळून ठेवले. शनिवारची फेरी बंद केली. मुलं विचारत राहिली.

पुढच्या शुक्रवारी दुपारी मी कवितेच्या तासाला गेले तर सरांनी वर्ग सोडलाच नव्हता. मला हाताने खूण केली, जरा थांबा. मी दारातच उभी राहिले. त्यांनी टेबल वर्गाच्या मधोमध ओढून आणलं होतं आणि त्याचा खण अर्धा उघडून मूठ हातात धरली होती. मुलं गोल करून बसली होती, काहीतरी नवीन खेळ आहे म्हणून खुशीत.

सरांनी आपला नियम मोडून मराठीत समजावलं. "मी म्हणेन, पुट युअर हँड. म्हणजे इथे आत हात घाल. आणि मी हा खण बंद करणार आहे. मग तुम्ही काय म्हणायचं? नो. आणि हात घालायचा नाही. मी ओरडलो तरी नाही, रागावलो तरी नाही. कळलं?"

"होऽऽ सर."

पहिला मुलगा उठून आला. सरांनी आवाज चढवला. "पुट युअर हँड."

"नो," मुलगा म्हणाला, आणि त्याने हात आत घातला.

वर्ग हसला. सरही ओशाळं हसले. पुन्हा समजावलं, दुसऱ्याला बोलावलं. "नो सर." हात आत. तिसरी आली तिने आधी हात घातला आणि मग आठवून नो म्हटलं. सरांनी तिचा हात काढून पाठीमागे धरून दाखवला, असा, असा ठेवायचा. तिने मान डोलावली. पुन्हा सांगितलं, पुन्हा हात आत. एकेक मूल येत होतं. कुणी मोठ्याने नो म्हणत होतं, कुणी पुटपुटत होतं, शब्द एकाचाही चुकत नव्हता. सरांचा आवाज मात्र दर मुलागणिक खाली येत चालला होता.

शेवटून दुसरी एक मुलगी होती, लातूरकडची, नुकतीच दाखल झालेली. सर म्हणाले, "पुट युअर हँड." तिने दोन्ही हात पाठीशी घट्ट धरले आणि मान हलवली. "नो."

सरांचा चेहरा असा काही उजळला की मला दारात भरून आलं. पण त्यांना खात्री करून घ्यायची होती. ते थोडे पुढे वाकले आणि रागावल्यासारखं करून म्हणाले, "मी सांगतोय ना? घाल."

मुलीने त्यांच्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले. पाठीमागचा उजवा हात तिने हळूच सोडवला आणि खणात ठेवला, बोटं नीट पसरून. "नो," ती रडत रडत म्हणाली.

सर खणाची मूठ धरून तसेच उभे राहिले. मी दारातून म्हटलं, "सर, राहू द्या आता," पण त्यांना ते ऐकू गेलं नसावं. मुलगी त्यांच्या तोंडाकडे बघत होती. तिचा हात अजून आतच होता, आणि सरांनी काढ म्हटल्याशिवाय ती तो काढणार नव्हती.